जुनी दुर्बीण: घ्यावी की सोडावी?

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर, डॉ. सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. या दोन तारखांमधला हा आठवडा. पाऊस सरलेला असतो, उजनीच्या पाणलोटात आणि ठाण्याच्या खाडीत पाहुणे पक्षी उतरू लागलेले असतात. अशा एखाद्या सहलीत दुसऱ्याच्या दुर्बिणीतून खंड्या बघितलेला माणूस घरी येतो तो दुर्बिणींच्या किमती शोधतच. बऱ्या नव्या दुर्बिणीचा आकडा दिसला की पुढचा प्रश्न ठरलेला: जुनी मिळाली तर?

मिळते, आणि पुष्कळदा चांगली मिळते. दुर्बिणीत सेल नसतो, सॉफ्टवेअर नसते. काच, धातू, रबर आणि थोडे ग्रीस, एवढाच मामला. नीट सांभाळलेली चाळीस वर्षांची दुर्बीण आजही पक्ष्याच्या पिसावरची रेघ स्वच्छ दाखवते.

अडचण वेगळीच आहे. जुनी दुर्बीण पहिल्या नजरेत जवळजवळ नेहमी बरी वाटते. दोन नळ्यांतली चित्रे एकमेकांपासून किंचित सरकलेली असली तरी डोळ्यांचे स्नायू आणि मेंदू ती ओढून एकत्र आणतात. आतल्या काचेवर धुरकट थर असला तरी भर दुपारी तो लक्षात येत नाही. दुकानातल्या पाच मिनिटांत सगळे ठीक दिसते आणि भिगवणला होडीत बसून तासभर बघितल्यावर कपाळ ठणकायला लागते.

म्हणून ‘हिच्यात दोष आहे का?’ या प्रश्नात अडकू नका. जुन्या वस्तूत काही ना काही असतेच. दोष सापडला की त्याला तीन प्रश्न विचारा. डोळा तो सोसेल का? पैसे घालून तो निस्तरता येईल का? की दोन्ही शक्य नाही? किंमत त्यानंतर विचारायची.

बाजारात जाण्यापूर्वी

दुर्बिणीवर ८×३०, १०×५० असे आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा किती पट मोठे दिसते तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो. ८×४२ ला तो सव्वापाच मिलिमीटर, १०×५० ला पाच, ८×३० ला पावणेचार, खिशात मावणाऱ्या १०×२५ ला अवघा अडीच. उन्हात आपली बाहुलीच दोन-तीन मिलिमीटर उघडी असते, त्यामुळे दुपारी या साऱ्या दुर्बिणी सारख्याच उजळ वाटतात. फरक पडतो तो पहाटे आणि सांजवेळी. अंधारात तरुण डोळ्याची बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पण वयाबरोबर हे उघडणे कमी होत जाते. साठीच्या माणसाने केवळ सात मिलिमीटरच्या झोतासाठी किलोभर वजनाची ७×५० गळ्यात अडकवण्यात फारसा अर्थ नाही.

वापर कुठे करणार ते ठरवा. कर्नाळा किंवा ताम्हिणीच्या झाडीत पक्षी जवळ असतो, पण क्षणात फांदी बदलतो. तिथे रुंद दृश्य दाखवणारी सात-आठ पटींची दुर्बीण हवी. उजनीच्या पाण्यावर किंवा शिवडीच्या चिखलाकडे दूरचे थवे न्याहाळायला दहा पट उपयोगी पडते. दहाच्या वर मात्र हाताचा कंपही तितक्याच पट वाढतो आणि तिपाईशिवाय निभत नाही. एकच घ्यायची असेल तर ८×४० किंवा ८×४२ च्या आसपास राहा. फुलपाखरांचा नाद असेल तर दुर्बीण किती जवळचे दाखवते तेही बघा. जुन्या दुर्बिणींना पाच-सहा मीटरच्या आतले बहुधा स्पष्ट दिसत नाही. आजच्या अनेक दुर्बिणी दोन-तीन मीटरवरचेही दाखवतात.

चष्मा असेल तर चालण्याजोग्या दुर्बिणींची यादी निम्मी होते. नुसत्या चाळिशीच्या चष्म्याची दुर्बिणीला गरज नसते. दूरच्या साध्या नंबराचे काम बहुधा फोकसच्या चाकानेच भागते. सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर मात्र चष्मा काढून चालत नाही, आणि चष्म्यासकट बघायचे तर नेत्रभिंगापासून डोळा निदान १५ मिलिमीटर दूर ठेवूनही पूर्ण वर्तुळ दिसायला हवे. जुन्या दुर्बिणींत हे अंतर पुष्कळदा कमी असते. चष्मेवाल्याला मधला तुकडा दिसतो, कडा कापल्या जातात. हे दुरुस्त होत नाही. म्हणून बघायला जाताना रोजचा चष्मा घालूनच जा.

विकणारा काय म्हणतो, वस्तू काय असते

मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार, कॅमेऱ्यांची जुनी दुकाने, पक्षीमित्रांचे गट आणि परदेशातून आलेल्या नातेवाइकाची बॅग, या वाटांनी बहुतेक जुन्या दुर्बिणी आपल्यापर्यंत येतात. त्यांत साधारण पाच जाती भेटतात.

पहिली, पूर्व जर्मनीची. येना शहरातल्या कार्ल झाइस कारखान्याची ८×३० डेल्ट्रिंटेम किंवा येनोप्टेम चांगल्या अवस्थेत मिळाली तर आजही सुखाने वापरावी अशी असते. तिचे दृश्य रुंद आहे, हजार मीटरवर सुमारे दीडशे मीटर. मात्र या नावाच्या नकलाही फिरतात. खऱ्या दुर्बिणीवर अक्षरे आणि क्रमांक धातूत नीट कोरलेले असतात. चिकटवलेली पट्टी, फासटलेला रंग किंवा क्रमांकच नसणे दिसले तर सावध व्हा.

दुसरी, सोव्हिएत काळातली, कझान किंवा झागोर्स्कच्या कारखान्यांची. बांधणी दणकट, वजन भरपूर, दृश्याला बहुधा किंचित पिवळी झाक. क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा निर्मितीचे वर्ष सांगतात. या दुर्बिणी स्वस्तात मिळतात, पण ग्रीस घट्ट झालेले आणि दोन नळ्यांच्या रेषा बिघडलेल्या असण्याची शक्यताही तेवढीच.

तिसरी, लष्करी. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश ६×३० दुर्बिणींवर बाणाचे चिन्ह आणि ‘बायनो प्रिझम’ अशी अक्षरे असतात. त्यांत प्रत्येक डोळ्याचा फोकस वेगळा फिरवावा लागतो. दूरच्या, स्थिर गोष्टीसाठी हे ठीक; उडत्या वेड्या राघूमागे दोन कड्या फिरवत बसलात तर तो कधीच निघून गेलेला असतो. अशी वस्तू इतिहासाच्या आवडीने घ्या, पक्ष्यांसाठी नको.

चौथी, गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली निकॉन, ऑलिंपस, बुशनेल, व्होर्टेक्स वगैरे. नवख्यासाठी सर्वांत शहाणपणाची खरेदी इथेच होते. भिंगांवरचे कोटिंग आधुनिक, डोळ्याशी टेकणारे रबरी कप आणि झाकणे सुटी मिळण्याची शक्यता जास्त, आणि विकणारा बहुधा हौशी माणूस, ज्याने पुढची महाग दुर्बीण घेतली म्हणून ही काढली.

पाचवीपासून लांब राहा. लाल-नारिंगी चकाकणारी भिंगे, ‘३०×६०’ असे कोरलेली तळहाताएवढी घडीची दुर्बीण, ८ ते २४ पट झूम, आणि ‘लंडन १९१५’ कोरलेली पितळी शोभेची वस्तू. खिशात पट्टी ठेवा आणि पुढचे भिंग मोजा. ६० लिहिलेल्या दुर्बिणीचे भिंग वीस-बावीस मिलिमीटर भरले, तर पटींचा पहिला आकडा किती खरा असेल ते वेगळे सांगायला नको.

रचनेबद्दलही थोडे. पुढची भिंगे डोळ्यांपेक्षा दूर-दूर असलेली, खांदे काढलेली दुर्बीण पोरो लोलकांची. इटलीच्या इग्नात्सियो पोरोने १८५४ मध्ये पेटंट घेतलेली ही मांडणी. सरळ नळ्यांची असेल ती रूफ लोलकांची. रूफ रचनेत प्रकाशलहरींची एक गडबड होऊन चित्र थोडे फिके पडते. त्यावरचे खास कोटिंग झाइसने १९८८ मध्ये आणले आणि ते स्वस्त दुर्बिणींपर्यंत झिरपायला पुढे बराच काळ गेला. तेव्हा जुनी आणि स्वस्त अशी सरळ नळ्यांची दुर्बीण आणि तेवढ्याच किमतीची जुनी पोरो समोर असतील, तर पोरोकडे झुका. भर पावसात वापरायची असेल तरच उलटा विचार करा, कारण जुन्या पोरो बहुधा पाणीबंद नसतात.

हातात घेतल्यावर

जाताना मोबाईलचा टॉर्च, छोटी पट्टी आणि मऊ कोरडे कापड न्या. भेट दिवसाउजेडी ठेवा, आणि जिथून निदान तीन-चारशे मीटरवरची इमारत किंवा टॉवर दिसेल अशी जागा निवडा. बंद दुकानात, समोरच्या फळीवरचा डबा बघून दुर्बीण घेऊ नका.

आधी बाहेरून बघा. रंग उडालेला, चामडे झिजलेले, पट्टा तुटलेला असेल तर चालेल. घासाघीस करायला ते उपयोगीच. पण पुढच्या भिंगाची धातूची कड चेपलेली असेल तर दुर्बीण पडलेली आहे. स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या असतील तर कुणीतरी ती उघडली आहे. नायट्रोजन भरलेली पाणीबंद दुर्बीण अशी उघडली गेली असेल, तर तिला पाणीबंद समजू नका. रबरी आवरण हाताला चिकटत असेल तर ते रबर विरघळू लागले आहे आणि त्यावर सहसा इलाज नाही. पेटी उघडून वास घ्या. कुबट वास आला तर पुढची तपासणी अधिक कसून करा.

मग हालचाल. मधली बिजागरी उघडबंद करा. डोळ्यांच्या अंतरावर ठेवल्यावर ती तिथेच राहिली पाहिजे, आपोआप मिटता कामा नये. फोकसचे चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. जड चालणे म्हणजे वाळलेले ग्रीस, ते बदलता येते. मध्येच अडखळणे किंवा बराच वेळ चाक फिरूनही भिंग न हलणे वाईट. पोरो दुर्बिणीत फोकस करून झाल्यावर एका नेत्रभिंगावर बोटाने हलके दाबा. दोन्ही नेत्रभिंगांना धरणारा पूल कलत असेल तर वापरताना एक डोळा सतत धूसर होत राहील. शेवटी दुर्बीण कानाशी हलकेच हलवा. आत काही खुळखुळले तर परत ठेवा.

उजव्या डोळ्याची कडीही तपासा. उजवी नळी पुढून झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा, मग डावी झाकून फक्त कडी फिरवून उजव्याला. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असताना कडी एका टोकाला जाऊन अडत असेल, तर आतले काहीतरी जागेवरून हलले आहे.

आता काच. पुढच्या भिंगातून टॉर्च आत मारा आणि मागच्या बाजूने थोडे तिरके बघा; मग उलट करा. आत चार धुळीचे कण दिसतीलच, त्यांचे काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा कापसाच्या तंतूसारखे फाटे दिसले तर ती बुरशी. सगळीकडे सारखा दुधी पडदा दिसला तर ग्रीसची वाफ काचेवर बसली आहे. कडेला इंद्रधनुषी वलये किंवा फुगे दिसले तर जोडलेल्या दोन भिंगांमधला चिकट थर सुटतो आहे. कोकण-गोव्याच्या हवेत पावसाळे काढलेल्या दुर्बिणीत बुरशी शोधायला वेळ द्या, आणि लोलकांपर्यंत बघा. बाहेरची काच पुसून चकचकीत करणे विकणाऱ्याला एका मिनिटाचे काम असते.

भिंगात ट्यूबलाइटचे प्रतिबिंब बघा. हिरवी-जांभळी, अंधुक प्रतिबिंबे चांगल्या बहुस्तरीय कोटिंगची खूण. निळसर म्हणजे साधे एकस्तरीय. खिडकीच्या काचेसारखे पांढरे लख्ख प्रतिबिंब दिसले तर त्या पृष्ठावर कोटिंगच नाही किंवा पुसून-पुसून गेले आहे. कोटिंग नसलेल्या प्रत्येक पृष्ठावर सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. दुर्बिणीत अशी दहा पृष्ठे असतील तर जवळजवळ एक तृतीयांश प्रकाश डोळ्यापर्यंत येतच नाही, आणि त्यातला काही आत भटकून चित्र पांढुरके करतो. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काढलेल्या कोटिंगने हीच गळती बरीच कमी केली. म्हणून त्याआधीची दुर्बीण कपाटात शोभते, जंगलात अपुरी पडते.

हात लांब करून दुर्बीण उजळ आभाळाकडे धरा, सूर्याकडे चुकूनही नाही. नेत्रभिंगांत दोन प्रकाशाचे ठिपके दिसतील. ते गोल आणि सारखे उजळ हवेत. कडा चौकोनी, राखाडी असतील तर लोलकांची काच कमी दर्जाची आहे. चालवून घेता येते. एक ठिपका गोल आणि दुसरा कापल्यासारखा असेल तर लोलक सरकला आहे. ते चालवून घेऊ नका.

दोन डोळ्यांना एकच चित्र

सगळ्या तपासण्यांत मोठी ही, आणि बहुतेक जण नेमकी हीच वगळतात. दुर्बिणीच्या दोन्ही नळ्या एकाच दिशेला बघत असायला हव्यात, म्हणजेच त्यांच्या रेषा जुळलेल्या हव्यात. एकदा आपटली, लोलक केसभर हलला, की त्या फटकून बसतात.

दूरच्या गच्चीची आडवी कड किंवा विजेची तार निवडा. दुर्बीण कठड्यावर टेकवून तिच्यावर फोकस करा, मग दुर्बीण तशीच ठेवून डोके हळूहळू मागे घ्या, साधारण वीतभर. आता दोन वेगळी वर्तुळे दिसू लागतील. दोन्हीत ती रेघ एकाच उंचीवर हवी. एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली असेल तर दुर्बीण बिघडलेली आहे. वर-खालचा फरक डोळ्यांना सर्वांत जड जातो, कारण एक डोळा वर आणि दुसरा खाली फिरवायची सवय त्यांना मुळीच नसते.

दुसरी युक्ती सोपी आहे. दुर्बिणीतून बघत असतानाच डोळे मिटा, पाच-सहा सेकंदांनी एकदम उघडा. त्या पहिल्या क्षणी चित्र दुहेरी दिसून मग सरकत एक झाले, तर तुमच्या डोळ्यांनी ते ओढून आणले. एका नळीपुढे हात धरून अचानक काढला तरी हेच कळते. तिन्हीसांज झाली असेल तर एखादा तारा बघा. एका डोळ्याची कडी फिरवून तिकडचा तारा पसरट करा. दुसऱ्या डोळ्यातला टाचणीएवढा ठिपका त्या पसरट चकतीच्या आत पडला पाहिजे. तो बाहेर पडत असेल तर आणखी पुरावा नको.

आणि मग सलग अर्धा तास बघा. विकणाऱ्याला चहा प्यायला पाठवा, हरकत नाही. विजेच्या तारेवरचे कोतवाल, समोरच्या झाडावरचे पोपट, दूरची पाटी, काहीही चालेल. बघून झाल्यावर दुर्बीण खाली घ्या आणि डोळ्यांना काय वाटते ते बघा. भुवईमागे ताण, मळमळ, नजर स्थिरावायला वेळ, यातले काही असेल तर नावाची आणि किमतीची चर्चा तिथेच संपवा. जो विक्रेता अर्धा तास देत नाही, त्याने त्याच्या वस्तूबद्दल पुरेसे सांगितले आहे.

कोणता दोष सोसावा

सोसण्यासारखे: घासलेला रंग, झिजलेला पट्टा, हरवलेली झाकणे, आतले थोडे धूलिकण, पुढच्या भिंगावरचा एखादा ओरखडा. हा शेवटचा पाहून पुष्कळ जण बिचकतात, पण पुढच्या भिंगावरची रेघ चित्रात दिसतच नाही. तेवढाच ओरखडा नेत्रभिंगावर असेल तर मात्र किंमत पाडून मागा. सदऱ्याच्या टोकाने वर्षानुवर्षे पुसल्यामुळे पडलेले बारीक ओरखड्यांचे जाळेही दिसायला किरकोळ, पण उजेडाविरुद्ध बघताना चित्र फिके करते.

निस्तरण्यासारखे: वाळलेले ग्रीस, फाटलेले रबरी कप (सुटे मिळत असतील तर), नुकतीच लागलेली आणि फक्त बाहेरच्या भिंगाच्या आतल्या बाजूची बुरशी. यासाठी जाणकार कारागीर हवा. दुर्बिणी उघडून नीट जुळवणारे हात आता थोडेच उरले आहेत, आणि घड्याळ किंवा कॅमेरा दुरुस्त करणाऱ्या प्रत्येकाला हे काम येते असे नाही. आधी कारागीर शोधा, खर्च विचारा, मग दुर्बीण घ्या. युट्यूबवर बघून स्वतः लोलक काढायला बसू नका. काढणे सोपे असते, परत रेषेत बसवणे नाही.

सोडून देण्यासारखे: बिघडलेल्या रेषा, लोलकांवर पसरलेली बुरशी, सुटलेली भिंगांची जोड, आतला दाट दुधी थर, कलणारा पूल, चिकट झालेले आवरण. बुरशी पुसली तरी जुनी असेल तर तिने कोटिंग, कधी काचही खाल्लेली असते आणि तिच्या खुणा राहतात. या यादीला एकच अपवाद: दुर्बीण अतिशय उच्च दर्जाची आहे, कंपनी ती दुरुस्त करून देते आणि त्या खर्चासकट हिशेब बसतो.

किमतीचे गणित

तुलना जुन्या दुर्बिणीच्या मूळ किमतीशी करू नका. ‘तेव्हा एवढ्याला घेतली होती’ हे वाक्य ऐकून सोडून द्यायचे. तुलना करा ती आज नवीन मिळणाऱ्या, साध्या पण भरवशाच्या ८×४० किंवा ८×४२ शी. तिला वॉरंटी आहे, रेषा जुळलेल्या आहेत, बुरशी नाही. समोरची जुनी दुर्बीण तिच्यापेक्षा स्पष्टपणे चांगली दाखवत नसेल, तर निम्म्याहून जास्त पैसे देऊ नका. दुरुस्ती लागणार असेल तर तो खर्च त्या निम्म्यातच बसला पाहिजे. उलट, जुनी पण चांगली पोरो या नव्या स्वस्त दुर्बिणीपेक्षा लख्ख दाखवत असेल, तर थोडे जास्त मोजायला हरकत नाही. शक्य असेल तर एखाद्या मित्राची नवी दुर्बीण सोबत नेऊन एकाच झाडाकडे आळीपाळीने बघा. निर्णय दोन मिनिटांत होतो.

स्वारोव्स्की, लायका, झाइस यांच्या महाग दुर्बिणी जुन्या झाल्या तरी फार स्वस्त होत नाहीत. तिथे मूळ बिल आणि क्रमांक मागा. चोरीचा माल ओळखण्याचा आणि पुढे कंपनीकडे दुरुस्तीला पाठवण्याचा तोच आधार. वॉरंटीबद्दल गृहीत काही धरू नका. काही कंपन्यांची वॉरंटी वस्तूबरोबर दुसऱ्या मालकाकडे जाते, काहींची फक्त पहिल्या खरेदीदारापुरती आणि घेतलेल्या देशापुरती असते. अमेरिकेतल्या भावाने तिकडून वापरलेली दुर्बीण आणायची ठरवली असेल, तर पैसे देण्याआधी कंपनीला क्रमांकासह लेखी विचारा.

न पाहता मागवायची वेळ आली तर

पुष्कळदा विकणारा नागपूरला आणि घेणारा कोल्हापूरला असतो. अशा वेळी चार गोष्टी मागा: दोन्ही बाजूंनी टॉर्च मारून काढलेली भिंगांची छायाचित्रे, आभाळाकडे धरून काढलेले प्रकाशाच्या ठिपक्यांचे छायाचित्र, क्रमांकाचे छायाचित्र, आणि फोकसचे चाक टोकापासून टोकापर्यंत फिरवतानाचा व्हिडिओ. नुसते सतरंजीवर मांडून काढलेले देखणे फोटो निरुपयोगी. विचारायचे प्रश्नही ठरलेले: कधी पडली का, कधी उघडली का, पावसाळ्यात कुठे ठेवत होता, आणि आता का विकता?

रेषा फोटोत दिसत नाहीत, आणि त्या कुरिअरच्या प्रवासातही बिघडू शकतात. म्हणून निदान तीन-चार दिवसांची परत घेण्याची मुदत संदेशात लिहून घ्या आणि खोक्यात सर्व बाजूंनी भरपूर फोम घालायला सांगा. परतीला नकार असेल तर मनाशी समजून चाला की ही किंमत परत मिळणार नाही. तेवढी रक्कम बुडाली तरी चालेल अशी असेल तरच पुढे जा.

घेतल्यानंतर

परतीची मुदत सुरू असतानाच दुर्बीण पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी एकेकदा वापरा. दुधी थर आणि फिकेपणा संध्याकाळी उजेडाविरुद्ध बघताना उघडा पडतो. पाणीबंद म्हणून घेतली असेल तर थंडगार एसी गाडीतून दमट हवेत न्या. बाहेरची काच धुकाळेलच, ती पुसा. धुके आतून आले असेल तर पाणीबंदपणा संपला आहे.

ठेवताना चामड्याची जुनी पेटी बाजूला काढा. ती ओल धरून ठेवते आणि बुरशीला तेच हवे असते. घट्ट झाकणाचा पारदर्शक डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुड्या ओल्या झाल्या की बदलायच्या किंवा वाळवायच्या. पावसाळ्यात दुर्बीण महिनोन्महिने कपाटात बंद ठेवू नका. आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरा. काच पुसण्याआधी फुंकणीने किंवा मऊ ब्रशने धूळ उडवा, मगच कापड लावा.

एवढे सगळे करूनही जुनी दुर्बीण प्रत्येकासाठी नाही. सिलिंडरचा मोठा नंबर असलेला चष्मेवाला, भर पावसात सह्याद्रीत हिंडणारा, होडीतून समुद्रपक्षी बघणारा आणि ज्याला वस्तू तपासायचा कंटाळा आहे असा कुणीही, यांनी थोडे थांबून, पैसे साठवून साधी नवी घ्यावी. ज्याला तपासायला वेळ आहे, ज्याच्या ओळखीत आधीपासून दुर्बीण वापरणारे दोघे-तिघे आहेत आणि जो नाही म्हणून उठून यायला तयार आहे, त्याला जुन्या बाजारात खरोखर चांगला सौदा मिळू शकतो. या तिन्हींपैकी शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. अर्ध्या तासाच्या शेवटी मनात ‘चालून जाईल’ आले, तर दुर्बीण परत द्या. ‘हिच्यातून आणखी बघावे’ असे वाटत असेल, तर घासाघीस सुरू करा.